मुलाने उशाशी पुस्तक ठेवलं, आता त्याच्याशी काय बोलू?

पत्र

नमस्कार. मी 64 वर्षांची आहे, नाशिकला एकटी राहते. माध्यमिक शाळेत मराठी शिकवायचे. एकुलता एक मुलगा सहा वर्षांपासून डब्लिनला नोकरी करतो. यंदा मे महिन्यात तो येऊन गेला. निघताना माझ्या उशाशी एक इंग्रजी पुस्तक ठेवलं आणि म्हणाला, "आई, जमेल तसं वाच. घाई नाही." कोलम टोबीन या आयरिश लेखकाचा 'मदर्स अँड सन्स' हा कथासंग्रह. शब्दकोश शेजारी घेऊन मी तो पूर्ण वाचला आणि तेव्हापासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही. यातली एक आई मुलाला टाकून जाते, एक दारू पिते, एक मुलाच्या मनाविरुद्ध दुकान विकायला निघते. मुलंही कुढत बसतात, बोलत नाहीत. एका कथेच्या पानांत माझ्या मुलाचा बोर्डिंग पास खूण म्हणून ठेवलेला सापडला. त्या कथेतला मुलगा आई समोर असूनही तिला न भेटता निघून जातो.

यजमान जाऊन नऊ वर्षं झाली. त्यांचं वह्या-पुस्तकांचं दुकान मी वर्षभरातच विकून टाकलं. मुलगा तेव्हा पुण्यात नोकरीला होता. फोनवर सांगितलं तर म्हणाला, "तुला योग्य वाटतं ते कर." लहानपणी जूनमध्ये तो दिवसदिवस त्या दुकानात बसून गिऱ्हाइकांच्या वह्यांना कव्हरं घालून द्यायचा. विक्रीनंतर हा विषय आमच्यात कधीच निघाला नाही. दर रविवारी फोन होतो. जेवलास का, थंडी किती आहे, एवढंच. या खेपेला तो घरात जरा गप्पच होता. बहीण म्हणते, असलं पुस्तक आईला देतात का? तू त्याला 'श्यामची आई' पाठवून दे. मी त्याला सरळ विचारू का, की मी तुला अशी वाटते का? की काही न बोलता पुस्तक कपाटात ठेवून देऊ?

— एक आई, नाशिक

उत्तर

ताई, आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं बघू. "मी तुला अशी वाटते का?" हे त्याला विचारू नका. त्याला एकच उत्तर आहे, "नाही गं आई, काहीतरीच काय." ते तो फोनवर दोन सेकंदांत देईल, तुम्हाला ते खरं वाटणार नाही आणि विषय कायमचा बंद होईल. पुस्तक कपाटात ठेवून देणं तर त्याहून वाईट. "जमेल तसं वाच" म्हणून त्याने ते ठेवलं आहे. तुम्ही वाचलं की नाही हेसुद्धा त्याला अजून कळलेलं नाही. मे महिन्यापासून तो त्याची वाट बघत असेल, असं मला तुमचं पत्र वाचताना सारखं वाटत होतं.

बोर्डिंग पासचं मनावर घेऊ नका. विमानात वाचत बसलेल्या माणसाच्या हाताशी खूण म्हणून दुसरं असतं काय? त्या पानापर्यंत आला आणि डोळा लागला, इतकंच त्यातून कळतं. मराठी शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला प्रत्येक गोष्टीत सूचकार्थ दिसतो, ते मी समजू शकते. पण तुमचा मुलगा कथा नाही. तो तुमच्याशी दर रविवारी फोनवर बोलणारा माणूस आहे.

आता पुस्तकाबद्दल. ते माझ्या आवडत्या पुस्तकांपैकी आहे, आणि तुम्ही ते ज्या धास्तीने वाचलंत त्या धास्तीत त्यातलं बरंच निसटलं असावं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

टोबीन 1955 मध्ये आयर्लंडच्या वेक्सफर्ड परगण्यातल्या एनिस्कॉर्थी या गावी जन्मले. हा संग्रह 2006 सालचा. एकूण नऊ कथा. तुम्ही त्यातल्या आयांना एका रांगेत उभं करून "अशा" म्हणता, पण त्या एकमेकींसारख्या अजिबात नाहीत. बहिणीच्या मृत्यूनंतर गाणं सोडून दिलेली एक आई आहे. तिचा मुलगा तिच्या जुन्या तबकड्या शोधून काढतो आणि हौसेने सीडीवर उतरवतो, पण त्यातला बहिणीचा आवाज तिला ऐकवत नाही. आजी गेल्यावर मुलाच्या चेहऱ्यावर दुःख दिसतंय का हे न्याहाळत बसणारी एक आई आहे. आणि नैराश्यातून गेलेल्या मुलाला दवाखान्यातून गाडीने घरी आणणारी एक आहे. घरी नवरा आजारी पडलेला, आणि मागच्या सीटवरच्या मुलाशी काय बोलावं हे तिला सुचत नाही. ही कथा अगदी थोडक्या पानांची आहे. घाईत वाचली असेल तर पुन्हा वाचा.

मला सगळ्यांत मोठी वाटते ती पाद्र्याच्या आईची कथा. मॉली नावाची म्हातारी, पत्त्यांचा ब्रिज खेळणारी, या वयात संगणक शिकायला निघालेली. तिचा मुलगा पाद्री. त्याने पूर्वी शाळकरी मुलांवर अत्याचार केलेत आणि आता त्याच्यावर खटला उभा राहणार आहे. हे साऱ्या गावाला माहीत झालंय, फक्त तिला नाही. तिला सांगायचं कुणी, याचीच सगळ्यांना पंचाईत. कळल्यावर मुली म्हणतात, खटला होईपर्यंत तू कुठेतरी लांब, परदेशात सुट्टीवर जा. मुलालाही तेच बरं वाटतं. ती नकार देते. मी इथेच राहणार, गावातच, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. तिने मुलाच्या गुन्ह्यावर पांघरूण घातलेलं नाही, आणि त्याला टाकलेलंही नाही. हे पुस्तक आलं त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे 2005 च्या ऑक्टोबरमध्ये, वेक्सफर्ड परगणा ज्यात येतो त्या फर्न्स धर्मप्रांतातल्या अशाच प्रकरणांचा सरकारी चौकशी अहवाल प्रसिद्ध झाला होता. देश त्या बातम्यांनी हादरला होता. त्या हलकल्लोळात लेखकाने एका म्हाताऱ्या आईच्या स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं. तुमच्या बहिणीला ही एक कथा तुमच्या तोंडून ऐकवा. "असलं पुस्तक" हे त्यांचे शब्द त्यानंतरही तसेच राहतील असं मला वाटत नाही.

आणि आता तुम्हाला जी टोचली ती कथा. तुम्ही पत्रात तिच्यावर अर्धं वाक्य लिहून पुढे गेलात, पण दुकानाबद्दल पाच वाक्यं लिहिलीत. तेव्हा काय टोचतंय ते तुम्हालाही ठाऊक आहे.

नॅन्सीचा नवरा अचानक गेला. मागे किराणा दुकान आणि डोक्यावर कर्ज. बँक दारात उभी. ती बाई हातपाय गाळत नाही, तळलेल्या बटाट्यांचं दुकान काढते, दारूविक्रीही सुरू करते, गावात नाकं मुरडली जातात तरी धंदा उभा करते. तिचा शाळकरी मुलगा जेरार्ड या धंद्यात असा रमतो की त्याला शाळा नको होते. पैसा कसा येतो, माल कसा मागवायचा, सगळं त्याला कळायला लागतं. त्याच्या डोळ्यांसमोर आपलं दुकान, आपलं भविष्य. नॅन्सीला मात्र कर्ज फेडून, सगळं विकून डब्लिनला जायचंय, जिथे तिला कुणी ओळखणार नाही. ती विकायला निघते तेव्हा मुलगा कोसळतो.

या कथेत लेखक कुणाचीच बाजू घेत नाही. नॅन्सी चुकली, असं त्यात कुठेही नाही. नवऱ्याच्या गावात, नवऱ्याच्या नावाच्या पाटीखाली उरलेलं आयुष्य काढायचं नाही, एवढंच तिला हवं होतं, आणि ते हवं असण्याचा तिला पूर्ण अधिकार होता. मुलाचं दुःखही तितकंच खरं. दोघांना एकाच दुकानातून वेगवेगळं आयुष्य हवं होतं, आणि एकमेकांना ते वेळेवर सांगितलं नाही.

तुम्ही दुकान का विकलंत हे पत्रात लिहिलेलं नाही. मी अंदाजही बांधत नाही. शाळा सांभाळून दुकान चालवणं झेपलं नसेल. जूनच्या तोंडावर उधारीवर माल उचलायचा आणि वर्षभर वसुली करायची, हे एकट्या बाईला नको झालं असेल. किंवा यजमान जिथे बसायचे त्या गल्ल्यामागे रोज बघवत नसेल. कारण कोणतंही असो, ते पुरेसं होतं. विकल्याबद्दल तुम्ही मुलाची माफी मागावी असं मला वाटत नाही. पण ते कारण त्याला कधी सांगितलंत का? त्याच्या बाजूने बघा. वडील गेले. वर्षभरात त्यांचं दुकान गेलं, ज्यात बसून तो खाकी कागदाच्या घड्या घालायला शिकला. त्याला कळवण्यात आलं, विचारण्यात आलं नाही. "तुला योग्य वाटतं ते कर" हे त्याने म्हटलं, कारण नुकत्याच एकट्या पडलेल्या आईला पंचविशीतला मुलगा दुसरं काय म्हणणार? तो राग धरून असेल असं नाही. कदाचित त्याला एवढंच म्हणायचं असेल की मलाही ते दुकान आवडायचं, आणि हे म्हणायला त्याला नऊ वर्षांत जागा मिळाली नाही.

कदाचित, म्हणते मी. तो बोर्डिंग पास वेगळ्याच कथेत होता, आणि हे पुस्तक त्याने निव्वळ चांगलं वाटलं म्हणून दिलं असण्याचीही तेवढीच शक्यता आहे. डब्लिनच्या कुठल्याही पुस्तकांच्या दुकानात टोबीन समोरच मांडलेले असतात. नवीन देशात रुळलेल्या माणसाला आपण जिथे राहतो तिथलं काहीतरी आईला दाखवावंसं वाटतं. मसाल्याचा डबा तुम्ही तिकडे पाठवता, त्याने पुस्तक इकडे आणलं.

आयर्लंडबद्दल एक गोष्ट तुम्हाला कळली तर हे पुस्तक उघडायला मदत होईल. तिथे आईला आपल्यापेक्षाही उंच चढवून ठेवलंय, थेट राज्यघटनेत. 1937 च्या त्यांच्या घटनेत 41 व्या कलमात असं आहे की पैशाच्या गरजेपोटी आईला घरातली कर्तव्यं सोडून कामाला जावं लागू नये, यासाठी राज्य झटेल. ऐकायला गोड वाटतं. प्रत्यक्षात 1973 पर्यंत सरकारी नोकरीतल्या बाईला लग्न झालं की नोकरी सोडावी लागायची. घटस्फोटाला 1995 च्या सार्वमतापर्यंत घटनेचीच बंदी होती, आणि ते सार्वमतही निम्म्याहून जेमतेम जास्त मतांनी पार पडलं. ज्या देशात बाईला वाईट लग्नातून बाहेर पडायला दारच नव्हतं, तिथली मुलाला सोडून गेलेली आई तुम्हाला भेटली आहे. ती गायिका आहे. मुलगाही वादक. क्लेअर परगण्यातल्या एका पबमध्ये ती गायला उभी राहते, आणि तिचा आता मोठा झालेला, वर्षानुवर्षं न भेटलेला मुलगा गर्दीत उभा राहून ऐकतो. तो निघून जातो, हे खरं. पण ती गात असताना तो काय ऐकत होता ते एकदा पुन्हा वाचा. तुम्ही शेवटच्या ओळीकडे धावलात, कारण तुम्हाला तिथे बोर्डिंग पास सापडला होता.

ही सगळी माणसं त्या राज्यघटनेतल्या आईशी झगडताहेत. टोबीन यांनी आईला उंचावरून खाली आणून स्वयंपाकघराच्या खुर्चीवर बसवलं, तिला कर्ज दिलं, पत्त्यांचा डाव दिला, दारूची बाटली दिली, स्वतःची इच्छा दिली. मला यात आईचा अपमान दिसत नाही. मला यात तिचा फार मोठा मान दिसतो. शेवटची लांब कथा, स्पेनमधल्या कातालान डोंगराळ मुलखातली, वाचलीत ना? आई नवऱ्याशी दारूवरून भांडून घरातून चालत निघते आणि बर्फ पडायला लागतं. मुलगा मिकेल सगळा हिवाळा तिला शोधतो. आई पिणारी होती, हे त्याला माहीत आहे. तरी तो शोधतच राहतो. तुम्ही पत्रात "एक दारू पिते" एवढंच लिहिलंत. शोधणारा मुलगा तुमच्या पत्रात आलाच नाही.

बहिणीने सुचवलेल्या 'श्यामची आई'बद्दलही बोलायला हवं, कारण ते पुस्तक मला मनापासून प्रिय आहे आणि त्याचा वापर मुलाला वठणीवर आणायला व्हावा हे मला बघवत नाही. तुम्ही नाशिकच्या, तेव्हा साने गुरुजींनी ते 1933 मध्ये नाशिकच्याच तुरुंगात लिहिलं हे तुम्ही वर्गात कितीतरी वेळा सांगितलं असेल. त्यातली आई सोशिक म्हणून आपण लक्षात ठेवतो, पण पोहायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला ती शिमटीने फोडून काढते. सावकाराचा माणूस दारात येऊन वाटेल ते बोलतो तेव्हा तीच उसळून त्याला सुनावते. कर्ज तिच्याही घरात होतं, नॅन्सीसारखंच. आणि आणखी एक. ते सगळं पुस्तक म्हणजे मुलाचं बोलणं आहे, रात्रीमागून रात्र, आश्रमातल्या मित्रांसमोर. आई गेली तेव्हा तो तिच्याजवळ नव्हता. आपल्या आईबद्दल एका मराठी मुलाने इतकं सांगितलं, आणि त्यातलं एक अक्षरही तिच्या कानावर पडलं नाही. पबमधून बाहेर पडणारा आयरिश मुलगा आणि आश्रमात प्रार्थनेनंतर बोलणारा श्याम, दोघांच्याही बाबतीत आईला ऐकायला मिळालेलं नाही. तुम्ही मात्र आहात, तोही आहे, आणि मध्ये आहेत ते घड्याळाचे साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार.

तेव्हा मी तुमच्या जागी काय केलं असतं ते सांगते.

फोनवर सुरुवात करू नका. तुमच्या रविवारच्या फोनला एक ठरलेली चाल आहे, जेवलास का, थंडी किती. त्या चालीत हा विषय एकदम घुसवला तर दोघंही बावचळाल. त्याला ईमेल लिहा. मोठं नको. व्हॉट्सअॅपवर नको, कारण तिथे तो मीटिंगमध्ये असताना वाचेल आणि अंगठा दाखवून मोकळा होईल. मराठीत लिहा, तुमच्या नेहमीच्या भाषेत. साधारण असं:

"तू दिलेलं पुस्तक वाचून झालं. वेळ लागला, शब्दकोश घेऊन बसले होते. मॉलीची कथा सगळ्यांत आवडली. चिप्सच्या दुकानाची वाचताना आपलं दुकान डोळ्यांसमोर आलं. ते मी विकलं तेव्हा मला काय वाटत होतं हे तुला कधी सांगितलं नाही, आता सांगावंसं वाटतंय. तुला काय वाटलं होतं तेही मी विचारलं नाही. तुला कुठली कथा आवडली?"

पुढे तुमचं कारण, तीन-चार ओळींत. खरं असेल तेवढंच. रडगाणं नको आणि समर्थनही नको. "मी एकटी होते, मला कोण होतं" हे लिहू नका. ते खरं असलं तरी वाचणाऱ्याला त्यापुढे बोलायला जागा उरत नाही. आणि शेवटचा प्रश्न कथेबद्दलचाच असू द्या. दुकानाबद्दल लगेच उत्तर द्यायचं नसेल तर त्याला कथेबद्दल लिहिता येईल, आणि तोही संवादच आहे.

उत्तराला वेळ लागेल हे धरून चाला. त्याने दुकानाचं नावही न काढता फक्त कथेबद्दल लिहिलं तर नाराज होऊ नका, त्याच कथेबद्दल पुढे बोला. रविवारी विषय निघाला तर 2024 च्या मार्चमध्ये तिकडे जे सार्वमत झालं त्याबद्दल विचारा. आईबद्दलचं ते घटनेतलं कलम बदलायचा प्रस्ताव होता आणि लोकांनी तो नाकारला. तुमचा मुलगा तेव्हा तिथेच होता. खांबाखांबांवर फलक लागलेले त्याने पाहिले असणार, ऑफिसात लोक वाद घालत असणार. लोकांनी तो का नाकारला, हे त्याच्याकडून समजून घ्या. मुलाला आईला काहीतरी समजावून सांगायला मिळालं की त्याचा आवाज बदलतो. तुम्ही शिक्षिका होता, समजावून सांगण्याचं सुख तुम्हाला माहीत आहे.

बहिणीला किंवा, सून असेल तर, तिला मध्ये घालू नका. "तो काही बोललाय का तुझ्याशी?" हा प्रश्न सुनेपर्यंत गेला की संध्याकाळपर्यंत त्याच्यापर्यंत जातो, आणि आईने माझ्या पाठीमागे चौकशी केली एवढंच त्याच्या मनात राहतं.

एक गोष्ट मात्र या सगळ्यापासून वेगळी ठेवा. तो गप्प होता, असं तुम्ही लिहिलंय. पुस्तकावरून त्याचा अर्थ लावू नका, तसंच दुर्लक्षही करू नका. झोप लागते का, काम फार आहे का, कुणाशी बोलतोस का, हे साध्या शब्दांत विचारा, आणि एकदा विचारून सोडू नका. तिकडचा हिवाळा अंधारा असतो, डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारास दिवे लागतात, आणि घरापासून लांब राहणाऱ्यांना तो जड जातो. झोप उडाली आहे, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही असं त्याच्या बोलण्यात दोन-तीन आठवडे सतत येत राहिलं तर तिथल्या त्याच्या डॉक्टरकडे जायला सांगा. "आमच्या वेळी असलं काही नव्हतं" हे वाक्य त्या वेळी तोंडून निघू देऊ नका. दवाखान्यातून मुलाला घरी आणणाऱ्या त्या आईची छोटी कथा या विचारानेच पुन्हा वाचा, असं मी वर म्हटलं.

तुम्हाला जे हवंय त्याबद्दलही त्याला सांगा. हे मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण तुमच्या पत्रात ते कुठेच नाही. पत्रभर मुलाला काय वाटत असेल हेच आहे. तुम्ही 64 वर्षांच्या आहात, निवृत्त आहात, शब्दकोश घेऊन एक अवघड इंग्रजी पुस्तक संपवलंत. नॅन्सीला डब्लिनला जायचं होतं. तुम्हाला कुठे जायचंय? नाशिक सोडायचं नसेल तर तसं सांगा. उन्हाळ्यात दोन महिने त्याच्याकडे राहावंसं वाटत असेल आणि भीडेपोटी "बघू" म्हणत असाल तर ते सांगा. क्लेअरमधल्या त्या पबसारख्या पबमध्ये बसून गाणं ऐकावंसं वाटलं असेल तर तेही लिहा, मुलाला धक्का बसला तर बसू द्या.

पुस्तक परत देऊ नका, कपाटातही टाकू नका. शब्दांचे अर्थ पेन्सिलने समासात लिहिले असतील तर खोडू नका, पुढच्या वेळी तो आला की ती प्रत त्याच्या हातात द्या आणि त्याला चाळू द्या. बहिणीला 'श्यामची आई'ची शिफारस करायचीच असेल तर त्यांनी ती स्वतःच पुन्हा वाचावी, शिमटीच्या प्रकरणापासून. तुमची ईमेल गुरुवारपर्यंत गेली पाहिजे, म्हणजे रविवारच्या फोनआधी त्याला दोन दिवस मिळतील.